आकडा सांगण्याआधी मोजलं कोणाला ते सांगा

प्रति,
नागपुरातील वृत्तपत्रांचे संपादक,
परिसंवाद भरवणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी,
आणि हिवाळी अधिवेशनात गंगा जमुना या देहविक्रीच्या वस्तीविषयी बोलू इच्छिणारे सर्व लोकप्रतिनिधी यांना

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पश्चिम नागपुरातल्या एका सभागृहात परिसंवाद होता. दारातच चार पानी पत्रक हाती दिलं गेलं. गंगा जमुना कायमची उठवावी, असं निवेदन अधिवेशनात मंत्र्यांना द्यायचं आहे आणि हे पत्रक त्याला जोडायचं आहे, असं सांगण्यात आलं. दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत ओळ होती: ‘या वस्तीतील ३५.४७ टक्के मुली अल्पवयीन आहेत.’ दोन दिवसांनी तीच ओळ वर्तमानपत्रात वक्त्यांच्या फोटोखाली छापून आली.

मी सभेत उठून विचारलं, हा आकडा गंगा जमुनेत कोणी मोजला, कधी मोजला? अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मंचावरच्या एक ताई म्हणाल्या, “एक मुलगी अल्पवयीन असली तरी तेवढं पुरेसं नाही का?” टाळ्या पडल्या. मी खाली बसले. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी कोण, ते आधी सांगते. सतरा वर्षं मी पूर्व नागपुरात एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पात काम केलं. सुरुवातीला क्षेत्रकार्यकर्ती होते, पुढे समुपदेशक झाले. निरोधचे डबे पोचवणं, तपासणीसाठी बायांना मेयो इस्पितळात नेणं, ज्यांची एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, औषधं सुरू आहेत त्यांच्या तारखा सांभाळणं आणि फॉर्म भरणं हे माझं काम. फॉर्म तर इतके भरले की रकाने अजून तोंडपाठ आहेत. आकडा कसा तयार होतो हे मी कागदावर नाही, गल्लीत उभी राहून पाहिलं आहे.

मॅपिंगच्या, म्हणजे कुठे किती बाया आहेत ते मोजण्याच्या, दिवसांत आम्ही तिघांना विचारायचो: पानठेलेवाल्याला, घरवालीला (म्हणजे कोठा चालवणारीला) आणि आमच्या एका पिअरला, म्हणजे प्रकल्पासाठी काम करणाऱ्या वस्तीतल्याच बाईला. या गल्लीत बाया किती? पानठेलेवाला फुगवून सांगायचा. घरवाली धाडीच्या भीतीने कमी सांगायची. पिअर खरं सांगायची, पण तिलाही तिच्या ओळखीच्याच बाया ठाऊक. मग कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, असं लिहून त्यामधला आकडा धरायचा. दिवाळीच्या आठवड्यात मोजलं तर निम्मी गल्ली गावाकडे गेलेली असायची. वयाचं तर विचारूच नका. कोवळी दिसणारी पोरगी बावीस सांगायची, कारण त्याच्या आत सांगितलं तर पोलीस उचलतील. पंचेचाळिशीची बाई पस्तीस सांगायची, कारण गिऱ्हाईक ऐकत असेल. एकदा एका मावशीने फॉर्मकडे पाहून मला म्हटलं होतं, “वय काय लिहू म्हणून काहून विचारतं वो बाई? तुले जेवढं लागते तेवढं लिही.” त्या वाक्याचं मला तेव्हा हसू आलं होतं. पत्रकातले दशांश वाचताना ते पुन्हा आठवलं आणि या वेळी हसू आलं नाही.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार त्या ३५.४७ ची. हा आकडा गंगा जमुनेचा नाही, नागपूरचाही नाही. २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने देशाविषयी दिलेल्या माहितीतला तो आहे. देशात तीस लाखांहून अधिक स्त्रिया या व्यवसायात आहेत आणि त्यांतल्या ३५.४७ टक्के अठरा वर्षांच्या आत या व्यवसायात ‘आल्या’, असं ते विधान होतं. आल्या आणि आहेत यांत एका अख्ख्या आयुष्याचं अंतर आहे. आमच्या फॉर्मवर दोन वेगळे रकाने असत, ‘धंद्यात आली तेव्हाचं वय’ आणि ‘आजचं वय’. पहिल्या रकान्यातलं उचलून दुसऱ्याच्या नावाने सांगितलं की पन्नाशीची बाई अल्पवयीन होते.

अशी एक बाई मी जवळून ओळखते. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं, सोळाव्या वर्षी नवऱ्याने टाकलं आणि त्याच वर्षी ती नागपुरात आली. आज ती पन्नाशी ओलांडलेली आहे, धंदा कधीचा सोडला आहे, दुसऱ्या बायांसाठी भात-वरण रांधते. तिच्यावर सोळाव्या वर्षी जे झालं तो गुन्हाच होता, त्यात दुमत नाही. पण त्यासाठी आज तिची खोली रिकामी करून घेणं हा त्या गुन्ह्याचा न्याय कसा होतो? पत्रकाच्या हिशेबात ती सुटका करायची मुलगी आहे. तिच्या हिशेबात तिला वय झाल्यावर डोकं टेकायला एक खोली हवी आहे.

हेच आणखी मोठ्या प्रमाणावर झालेलं आपण वाचतो. २००९ मध्ये सीबीआयच्या हवाल्याने बारा लाख बालके देहविक्रीत असल्याचं देशभर छापून आलं, आणि आजही ते भाषणांत येतं. त्याच सुमारास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नॅकोच्या, मॅपिंगमध्ये देशातल्या स्त्री सेक्स वर्करांचा एकूण अंदाज ८.६८ लाख होता. अलीकडच्या, २०२०-२२ च्या अंदाजात तो ९.९५ लाखांच्या आसपास आहे. म्हणजे एका कागदावर जेवढ्या मुली आहेत तेवढ्या दुसऱ्या कागदावर सगळ्या वयाच्या मिळून बायाही नाहीत. नॅकोचा आकडाही पूर्ण सत्य आहे असं मी म्हणणार नाही. तो एड्स प्रकल्प ज्यांच्यापर्यंत पोचू शकतो त्यांचा अंदाज आहे, आणि तो काढणाऱ्यांत मीही होते. पण तो कसा काढला हे विचारलं तर सांगता येतं. बारा लाखांविषयी विचारलं की घड्याळाकडे पाहिलं जातं.

दुसरी तक्रार. पत्रकात लिहिलं आहे, ‘या व्यवसायात येण्याचं सरासरी वय १३ आहे.’ हे वाक्य अमेरिकेहून आलं. तिथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा २००१ चा एक अहवाल आहे. तो मुळात अल्पवयीन मुलांच्या लैंगिक शोषणावर होता, आणि त्यांच्यातल्या मुलींचं येण्याचं वय १२ ते १४ असं त्यात नोंदलं होतं. ज्या अभ्यासात अठराच्या वरचं कोणी घेतलेलंच नाही त्याची सरासरी अठराच्या वर जाणार कशी? एखाद्या इस्पितळाच्या बालरोग विभागात फिरून रुग्णांचं सरासरी वय काढायचं आणि नागपूरकर त्याच वयात आजारी पडतात असं जाहीर करायचं, तसं हे झालं. साधा हिशेब करून पाहा. पंचविसाव्या वर्षी आलेल्या एका बाईला धरून सरासरी तेरावर आणायची तर तिच्या जोडीला एक वर्षाचं तान्हं बाळ धरावं लागेल. विधवा झाल्यावर, नवऱ्याने टाकल्यावर, कर्जापायी तिशीत आलेल्या कितीतरी बाया मी पाहिल्या. या वाक्यात त्यांना जागाच नाही.

याच अहवालाच्या नावाने फिरणारा दुसरा आकडा, लाख ते तीन लाख मुलं, तोही पत्रकात आहे, ‘विकली गेलेली मुलं’ म्हणून. मूळ अहवालात ती ‘धोक्याच्या छायेत असलेली’ होती. घरातून पळालेलं, रस्त्यावर राहणारं मूल धोक्यात असतंच. म्हणून ते विकलं गेलं असं होत नाही.

तिसरी तक्रार गुलामगिरीच्या आकड्याची. जागतिक गुलामगिरी निर्देशांक काढणाऱ्या वॉक फ्री या संस्थेने २०१६ मध्ये भारतात १.८३ कोटी आधुनिक गुलाम असल्याचं म्हटलं. २०१८ मध्ये त्याच संस्थेचा आकडा सुमारे ८० लाखांवर आला. दोन वर्षांत एक कोटी माणसं मोकळी झाली नव्हती, मोजण्याची रीत बदलली होती. शिवाय त्यात वेठबिगारी आहे, बळजबरीचे विवाह आहेत. आपल्याकडच्या भाषणांत मात्र जुना १.८३ कोटीचाच आकडा येतो, आणि तोही अशा वाक्यात की ऐकणाऱ्याला या सगळ्या देहविक्रीतल्या मुलीच वाटाव्यात. वीटभट्टीवरचा मजूर त्यातून गायबच होतो. त्याच्यासाठी परिसंवाद कधी भरणार?

चौथी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यात जड आहे. तस्करी आणि धंदा हे दोन शब्द तुम्ही एकमेकांच्या जागी वापरता. तस्करी हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३७० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ आहे. फसवून, धमकावून, विकत घेऊन एखाद्याचं शोषण करणं म्हणजे तस्करी, मग ते खाणीत असो, घरकामात असो की कोठ्यावर. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण पिटा म्हणतो, तो वेगळा. त्यात कोठा चालवणं गुन्हा आहे, गिऱ्हाइकाला खुणावणं गुन्हा आहे, देवळापासून वा शाळेपासून दोनशे मीटरच्या आत धंदा करणं गुन्हा आहे, त्या कमाईवर जगणंही गुन्हा आहे. प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने धंदा करणं हा त्या कायद्यात गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन प्रौढ स्त्रियांना सुधारगृहातून सोडताना हे स्वच्छ शब्दांत सांगितलं आहे.

मग ‘शहरात इतके तस्कर पकडले’ या बातमीत कोण कोण असतं? कमाईवर जगण्याचं कलम अठरा वर्षांवरच्या कोणालाही लागू शकतं. आईच्या पैशांवर कॉलेजात शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा त्यातून सुटत नाही. खोली भाड्याने देणारा, स्वयंपाक करणारी यांच्यावरही संशय येतोच. ही सगळी नावं एका बेरजेत टाकली की खरा दलाल त्यात लपून जातो.

‘सुटका’ या शब्दाचंही तेच. माझ्या ओळखीतल्या एकीची तीनदा सुटका झाली. तिन्ही वेळा बातमी आली, तिन्ही वेळा ती बेरजेत आली. दर वेळी सुधारगृहातून बाहेर पडायला वकिलाला पैसे द्यावे लागले, ते कर्ज काढून दिले आणि फेडायला ती पुन्हा त्याच गल्लीत आली. सांगलीच्या संग्राम संस्थेने महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत धाडी अनुभवलेल्या २४३ स्त्रियांशी बोलून २०१८ मध्ये अहवाल काढला. त्यांतल्या १९३ जणींनी आपण मर्जीने धंद्यात आहोत असं सांगितलं. संग्राम सेक्स वर्करांच्या हक्कांसाठी काम करते, म्हणून तो अहवालही डोळे झाकून घेऊ नका. पण उरलेल्या पन्नास जणीही त्यातच आहेत, हेही पाहा. त्या पन्नास जणींना मदत हवी होती. एकशे त्र्याण्णव जणींच्या मागे धावणाऱ्या यंत्रणेकडे त्यांच्यासाठी वेळ उरतो का?

पाचवी, थोडक्यात. ‘८९ टक्के स्त्रियांना बाहेर पडायचं आहे, ६८ टक्क्यांना मानसिक आघाताचा आजार आहे’, हे आकडे २००३ मधल्या नऊ देशांतल्या ८५४ जणांच्या अभ्यासातले आहेत. त्या नऊ देशांत भारत नाही. त्यात रस्त्यावर उभ्या असलेल्या आणि मदत केंद्रांत आलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांचं दुःख खरंच आहे, मी अशा बायांसोबत रात्री जागले आहे. पण केंद्रात आलेल्या बाईचं उत्तर न आलेल्या बाईच्या तोंडी घालू नका.

सहावी तक्रार थेट नागपूरची आहे. मे २०२० मध्ये, टाळेबंदी सुरू असताना, येल आणि हार्वर्डशी संबंधित संशोधकांच्या एका गणिती मॉडेलची बातमी सगळीकडे झळकली. लालबत्ती वस्त्या बंद ठेवल्या तर कोरोनाचे रुग्ण ७२ टक्क्यांपर्यंत कमी होतील, असं ते होतं. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता यांच्याबरोबर त्यात नागपूरचं नाव होतं. मॉडेल म्हणजे ‘असं धरलं तर तसं होईल’ असा हिशेब. काय धरलं होतं हे बहुतेक बातम्यांत नव्हतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिका हद्दीत चोवीस लाख लोक होते. कळमन्याचा बाजार, इतवारीतली ठोक दुकानं, कॉटन मार्केट, सगळीकडे माणसाला माणूस खेटून उभा. आणि साथीचा तोल म्हणे मोजक्या गल्ल्यांवर. देशभरातल्या सेक्स वर्करांच्या संघटनांनी आणि अनेक अभ्यासकांनी तेव्हाच त्यावर गंभीर आक्षेप घेतले. त्या आक्षेपांना मूळ बातमीएवढी जागा कोणी दिली?

त्या बातमीचं वस्तीत काय झालं ते मी पाहिलं. गल्लीत धंदा आधीच बंद होता, चुली बंद होत्या. राशन वाटायला आलेले दोन तरुण बातमी वाचल्यावर गल्लीच्या तोंडाशीच थांबले, पाकिटं जमिनीवर ठेवून निघून गेले. ओळखपत्र नसलं तरी या स्त्रियांना कोरडा शिधा द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला त्या सप्टेंबरात सांगावं लागलं. एड्सच्या बाबतीतही लोकांच्या मनात चित्र जुनंच आहे, ‘सगळ्या रोगट’. २०२१ च्या राष्ट्रीय निगराणीत देशातल्या स्त्री सेक्स वर्करांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आलेलं होतं. ते आणायला या बायांनी स्वतः निरोध वाटले, दुसरीला हाताला धरून तपासणीला नेलं. त्याची बातमी मी तरी वाचली नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी वस्तीला बॅरिकेड लावले, जमावबंदी केली. बाया रस्त्यावर बसल्या. आजूबाजूच्या रहिवाशांचा त्रास खोटा होता असं मी मुळीच म्हणत नाही. दारुड्यांची भांडणं, घराच्या पत्त्यामुळे मोडलेल्या सोयरिकी, संध्याकाळी मुलींना बाहेर पाठवण्याची धास्ती, हे मी त्यांच्याच ओट्यावर बसून ऐकलं आहे. ती तक्रार स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते, तिला उसन्या टक्केवारीची गरज नाही. बॅरिकेड लागल्यावर माझ्या यादीतल्या कितीतरी बायांचे फोन बंद झाले. कोणी शहराच्या टोकाला खोली घेतली, कोणी लॉजवर जाऊ लागली, कोणी मोबाइलवरून गिऱ्हाईक घेऊ लागली. एआरटीच्या गोळ्या घेऊन मी बायांना शोधत फिरले आहे. काही सापडल्याच नाहीत.

सातवी तक्रार माझ्याच बाजूच्या लोकांविषयी आहे आणि ती लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मस्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानंतर आम्ही पेढे वाटले. ‘आता पोलीस हात लावू शकत नाहीत’ असं आमच्याच कार्यकर्त्यांनी गल्लोगल्ली सांगितलं. आदेश नीट वाचला तर तसं नाही. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशींपैकी काहींवर केंद्र सरकारने हरकत घेतली होती, आणि मर्जीने धंदा करणाऱ्या प्रौढ स्त्रीवर कारवाई करू नये, धाडीत तिला अटक करू नये या शिफारशी त्या हरकतीतल्याच होत्या. ज्यांवर हरकत नव्हती त्यांची काटेकोर अंमलबजावणी करा, असं न्यायालयाने सांगितलं. त्यांत पुष्कळ काही आहे: पोलिसांनी सन्मानाने वागावं, निरोध जवळ असणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये, सुधारगृहांची पाहणी करून मर्जीविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांना सोडावं, माध्यमांनी ओळख उघड करू नये. हे सांगायचं सोडून आम्ही जास्तीचं सांगितलं. त्या भरवशावर एक बाई हवालदाराशी वाद घालायला गेली आणि तिला त्याची किंमत मोजावी लागली. ती चूक आमची आहे.

तसंच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१४ च्या लेखाचं. धंद्यावरचा गुन्ह्याचा शिक्का काढला तर दहा वर्षांत एचआयव्हीची ३३ ते ४६ टक्के नवी लागण टळेल, हे आम्ही सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगतो. तेही मॉडेलच आहे, ज्यांच्यावर ते बेतलं त्यांत आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं बेळ्ळारी होतं एवढंच. येलच्या मॉडेलला प्रश्न विचारायचे आणि लॅन्सेटच्या मॉडेलला हार घालायचा, हे मला जमणार नाही.

आणि एक वाक्य तर मी सहानुभूती दाखवणाऱ्या मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे: “या बाया आहेत म्हणून आपल्या लेकीबाळी सुरक्षित आहेत.” त्याला पुरावा म्हणून कधीकधी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचा दाखला देतात. तिथे काही वर्षं चार भिंतींआडच्या धंद्यावर बंदी नव्हती आणि त्या काळात बलात्काराच्या नोंदी घटल्या, असा अभ्यास आहे. एवढ्याशा राज्यातल्या त्या निष्कर्षावरून नागपूरच्या एका वस्तीला ढाल बनवायचं? गंगा जमुनेतल्या बाया कोणाच्या लेकी नाहीत का? त्यांच्यावर बलात्कार झाला तर तक्रार लिहून घ्यायला किती वेळ लागतो, ते मी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून पाहिलं आहे.

परदेशाचं आणखी एकच सांगते, कारण त्या परिसंवादात जर्मनीचं नाव सात-आठ वेळा आलं. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाआधी तिथे चाळीस हजार स्त्रिया तस्करी करून आणल्या जातील, असं जगभर छापलं गेलं. स्पर्धेनंतर तपासात तिच्याशी संबंध जोडता आला तो पाच प्रकरणांचा. पाच हाही लहान आकडा नाही. पण चाळीस हजारांची तयारी केलेल्या लोकांना त्या पाच जणींचं काय झालं हे विचारावंसं वाटलं का?

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. हो, एक पुरेशी आहे. मला ती एक माहीत आहे.

एका पावसाळ्यात संध्याकाळी वस्तीतल्या एका बाईने मला बाजूला घेतलं. “ताई, कोपऱ्यावरच्या घरात नवी पोरगी आणली. पंधराची बी नसंल. रडून राहिली. माझं नाव घेजो नको.” मी १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन केला. पुढे सगळं कायद्याने झालं, बालकल्याण समितीपुढे मुलगी उभी राहिली, तिचं गाव सापडलं. खबर पोलिसांच्या खबऱ्याने दिली नव्हती, कोणत्या संस्थेच्या पाहणीतही ती सापडली नव्हती. वीस वर्षं धंदा करणाऱ्या बाईने दिली होती, कारण ती मला ओळखत होती आणि मी रोज त्या गल्लीत जात होते. बॅरिकेडनंतर ती बाईही कुठेतरी निघून गेली. तिचा फोन लागत नाही. आणि २०२१ पासून तशी एकही खबर माझ्याकडे आलेली नाही. मुली यायच्या थांबल्या असतील, तर त्याहून मोठा आनंद मला नाही. पण तसं झालं आहे असं मला वाटत नाही. मुली आता ज्या बंद खोल्यांत असतील तिथे शेजारीण नाही, पानठेला नाही, मी नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

परिसंवादाच्या आयोजकांना विनंती की निवेदन देण्याआधी पत्रकातली ३५.४७ टक्क्यांची, १३ वर्षांची आणि ‘विकल्या गेलेल्या’ लाखो मुलांची ओळ काढावी. वस्ती उठवावी असं तुमचं मत असेल तर जरूर मांडा, मी माझं मांडीन. पण मंत्र्यांच्या हाती चुकीचा कागद देऊ नका. आणि पुढच्या परिसंवादात वस्तीतल्या किमान दोन स्त्रियांना श्रोत्यांत नाही, मंचावर बसवा. त्यांना फोटो नको असेल तर फोटो काढू नका.

संपादकांनी या विषयावरच्या प्रत्येक आकड्यासोबत एक ओळ छापावी: कोणी मोजलं, कुठे, कोणत्या वर्षी आणि कोणाला. एवढं मिळत नसेल तर आकडा छापू नये. चुकीचा छापला असेल तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत यावी. धाडीच्या बातमीत बायांचे तोंडावर ओढणी घेतलेले फोटो यायचे थांबले पाहिजेत. त्यांच्या मुलांच्या शाळेत तो पेपर जातो आणि ओढणीचा रंग मुलं ओळखतात.

आमदारांना माझं मागणं असं, की भाषणाआधी तारांकित प्रश्न विचारा. नागपुरात गेल्या पाच वर्षांत, वर्षागणिक, धाडींत किती अल्पवयीन मुली सापडल्या? त्यांचं वय कागदपत्रांवरून ठरलं की हाडांच्या तपासणीवरून, जिच्यात दोन वर्षांचा फरक पडू शकतो? किती खटले उभे राहिले, किती दलालांना शिक्षा झाली? सुधारगृहांत किती प्रौढ स्त्रिया आहेत, कधीपासून, आणि त्यांतल्या किती मर्जीविरुद्ध? सुटका झालेल्यांत एकच स्त्री किती वेळा मोजली गेली? सरकारला याचं उत्तर द्यावं लागेल. ते आलं की तुमच्या आणि माझ्या हातात पहिल्यांदा नागपूरचा आकडा असेल. शिवाय निरोध पुरावा म्हणून जप्त करू नयेत, या न्यायालयाच्या सूचनेचं पत्र शहरातल्या प्रत्येक ठाण्यात पोचलं का, हेही विचारा. आमच्या कार्यकर्तीच्या पिशवीतले डबे एकदा मोजून पंचनाम्यात लिहिले गेले होते.

पत्रकाची माझ्याकडची प्रत मी जपून ठेवली आहे. चुकीच्या ओळींपुढे पेन्सिलीने मूळ आकडा आणि वर्ष लिहिलं आहे. आयोजकांपैकी कोणी बोलावलं तर मी ती घेऊन येईन, सोबत आमचा जुना कोरा फॉर्मही आणीन. दोन रकाने समोर ठेवून समजवायला अर्धा तास पुरेल. अधिवेशन सुरू व्हायच्या आत बोलावलंत तर बरं होईल.

आपली,
पूर्व नागपुरातील एक निवृत्त समुपदेशक